पत्ता एक, मालक दोन

रात्री पाऊण वाजता फोन वाजला. बायको कूस न बदलता म्हणाली, "तुझाच असणार." फोनवर सर होते. शांत आवाजात बोलत होते, तेव्हाच पोटात गोळा आला.

"फेलओव्हर आहे ना आपल्याकडे? एक बंद पडला की दुसरा काम उचलतो, ते?"

"आहे की सर. दोन लोड बॅलन्सर आहेत."

"त्यातला कुठला बंद पडलाय?"

"एकही नाही. दोन्ही चालू आहेत."

"मग?"

"तोच प्रॉब्लेम झालाय सर."

ही एचएप्रॉक्सी नावाचं लोड बॅलन्सरचं सॉफ्टवेअर चालवणारी दोन मशिनं. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो. मागच्या वेब सर्व्हरांना काम वाटून द्यायचं आणि दर दोन सेकंदांनी त्यांची तब्येत विचारायची. तीनदा उत्तर आलं नाही तर पंगतीतून उठवायचं, दोनदा धड आलं की परत पान मांडायचं. (तब्येत विचारतात म्हणजे पोर्ट, सर्व्हरचं दार, उघडतंय का, एवढंच बघतात. मागे एक सर्व्हर डिस्क गच्च भरलेली असताना यांना 'बरंय' म्हणून सांगत होता. आमचे काका आयसीयूतूनही असंच सांगायचे.)

बाहेरच्या जगाला पत्ता एकच, आणि तो थोरल्याच्या नावावर. थोरला दर सेकंदाला 224.0.0.18 या हाळीसाठीच्या ठरलेल्या पत्त्यावर 'आहे मी' अशी हाळी देतो. हिशेबाने 3.6 सेकंद ती ऐकू आली नाही, की धाकट्याने समजायचं, दादा गेला.

त्या रात्री धाकट्याने तेच समजलं. प्रेत बघितलं नाही, शेजारीपाजारी विचारलं नाही, 3.6 सेकंदांत तेरावं उरकून सातबारा नावावर! इकडे थोरला ठणठणीत, हाळ्या देतोच आहे. राउटर बिचारा पाकिटं कधी याच्या दारात टाकतोय, कधी त्याच्या. गिऱ्हाइकाचं अर्धं बोलणं एकाशी झालेलं, उरलेलं दुसऱ्याकडे गेलं की तो विचारतो, "आपण कोण?" आणि फोन आपटतो.

धाकट्याचा लॉग उघडला. 12:31, मास्टर, म्हणजे पत्त्याचा मालक, झाला. त्याआधी काही सेकंद काय घडलं होतं, ते मला लॉगशिवायच आठवलं. ऑडिटवाले मागे लागले होते म्हणून झोपता झोपता मीच त्याची फायरवॉल आवळली होती. टीसीपी, यूडीपी हे नेहमीच्या वापरातले दोन प्रोटोकॉल ठेवले, बाकी सगळं बंद. आता ही हाळी व्हीआरआरपीची, म्हणजे पत्ता कोणाकडे हे ठरवणाऱ्या प्रोटोकॉलची. ती ना टीसीपीत, ना यूडीपीत. तिचा प्रोटोकॉल नंबरच वेगळा, 112. म्हणजे धाकट्याच्या कानात बोळे मीच कोंबले होते.

एक ओळ टाकली, बोळे निघाले. थोरल्याची प्रायॉरिटी 101, धाकट्याची 100; जास्त त्याचा पत्ता. हाळी ऐकताच धाकटा मुकाट्याने पत्ता सोडून बाजूला बसला. भावाभावांत इतक्या सामोपचाराने मिटलेलं आमच्या अख्ख्या गावात कोणी बघितलेलं नाही.

सकाळी सरांना लिहून पाठवलं, "फायरवॉलच्या नियमांत बदल झाल्याचे आढळून आले." या वाक्यात कर्ता शोधूनही सापडत नाही. शाळेतलं व्याकरण पहिल्यांदा कामी आलं.

दोन मिनिटांत सरांचं उत्तर आलं. "आढळलं कोणाला? तुलाच ना?"