काका, खड्डा तो खड्डाच, पण बुजवू नका

नमस्कार काका,

(वय तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. चालेल ना?)

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीबद्दल मी ब्लॉगवर लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खाण म्हणजे टेकडीला पाडलेलं भगदाड, त्याला मी 'तळं' म्हणून नटवलं, वरून वाट सांगून पोरांना बुडायला पाठवलं, कौतुक करायचंच तर भोवतीच्या जंगलाचं करायचं. आणि उपाय काय, तर खड्डा माती टाकून बुजवावा, वर झाडं लावावीत.

बुडण्याचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. वाटेचं वर्णन मी काढून टाकलंय. तळ्याला काठ असतो. आधी घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, आणि घाबरलेल्या माणसाला मागे फिरता येतं. खाणीला असतात टप्पे, तेही दगड काढायच्या सोयीने पाडलेले. एका टप्प्यावर पाणी पोटरीला लागतं आणि पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. वरचं पाणी उन्हाने कोमट, खालचं गार. बाहेर यायला धरावं असं मूळ नाही, फांदी नाही, दगडावर शेवाळ. जुन्या खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या पुणेकरांना नव्या नाहीत, आणि बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात. 'तळं' हा शब्द चुकलाच. यापुढे 'खाणीतलं पाणी' असंच लिहीन.

जंगलाचं मात्र पटलं नाही. ज्याला तुम्ही जंगल म्हणता ते बरंचसं गिरिपुष्प आहे, म्हणजे आपली उंदीरमारी. मूळची मध्य अमेरिकेतली, भराभर वाढते म्हणून लावलेली. फेब्रुवारीत फिकट गुलाबी फुलते तेव्हा फोटो झकास येतात, माझ्याही फोनमध्ये आहेत. पण "आमच्या लहानपणी टेकडी बोडकी होती" असं तुम्ही लिहिलंत ना, ती बोडकी नव्हती काका, तो माळ होता. मधूनमधून सालई, मेडशिंगी, हिवर, आणि बाकी सगळं कुसळी गवत. दिवाळीनंतर चालून घरी आलं की अर्धा तास मोज्यातली कुसळं उपटत बसायचं, ते गवत. पहिल्या पावसात त्यातूनच पांढरी मुसळी वर येते. चंडोल घरटं करतो ते जमिनीवर, गवताच्या आडोशाला. दाट झाडी उभी केली की तो उठून जातो आणि आपण म्हणतो, वा, काय हिरवं झालंय!

आता खड्डा.

आपली टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच. वरून चालताना पायाखाली मुरूम आणि गवत, टेकडी कशाची बनलीय हे आयुष्यभर फिरूनही कळत नाही. खाणीच्या भिंतीत ते उघडं पडलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, एकावर एक थर. कुठे घट्ट काळा दगड, कुठे फोडांनी भरलेला. लाव्हा निवताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्याने पांढरे स्फटिक भरले. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांत कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज मिळालं, आणि जगभरच्या संग्राहकांना वाघोली हे नाव माहीत झालं. पुण्यात विचारा, वाघोली म्हटलं की ट्रॅफिक!

भिंतीवर उभ्या पन्हळी दिसतात, बासरी उभी चिरावी तशा. सुरुंग ठासायला पाडलेली भोकं ती. दगड फुटून गेला, अर्धं भोक भिंतीत राहिलं. मी एकीत बोट घालून पाहिलं, आतून अजून खरखरीत आहे. तळाशी चिमूटभर धूळ साठलेली, तिच्यात करंगळीएवढा नेचा उगवलेला, आणि त्याच्या वीतभर वर कुंभारमाशीचं मातीचं घर. इतक्या वर्षांची जमा एवढीच. म्हणून 'निसर्गाने जखम भरून काढली' असलं काही मी लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघा. जखम भरत नाहीये. तिच्यात कोणीतरी राहायला आलंय, एवढंच.

आणि राहायला येणाऱ्यांना ती भिंतच हवी असते. शृंगी घुबड काड्यांचं घरटं बांधत नाही, कड्याच्या कपारीत नाहीतर खाणीच्या टप्प्यावर उघड्या जमिनीवर अंडी घालतं. मला एक जोडी ठाऊक आहे. कुठली खाण ते पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, इथेही लिहिणार नाही. तेव्हा अगदीच बेफिकीर नाही हो मी.

बुजवायचं म्हणता, पण कशाने? माती फुकट येत नाही, ती दुसऱ्या कुठल्यातरी टेकडीवरून खरवडून आणावी लागते. प्रत्यक्षात रात्री डंपर येतो आणि राडारोडा ओततो. फुटक्या टाइल्स, प्लास्टर, थर्माकोल, कमोडचे तुकडे. हे मी हडपसरपलीकडच्या एका खाणीत डोळ्यांनी पाहिलंय. तिथे अर्धं पाणी आणि अर्धा बाथरूमचा शोरूम होता. काळा दगड वरून अभेद्य वाटतो, पण त्याला भेगा असतात, आणि सुरुंगांनी त्या आणखी मोकळ्या होतात. खाणीत टाकलेलं त्या भेगांतून खाली झिरपतं आणि पायथ्याच्या बोअरमध्ये निघतं. मग टँकर मागवा.

चांगल्या मनाने केलेलंही नडतं. डासांसाठी कोणी पाण्यात गप्पी मासे सोडतं, कोणी हौसेने चिलापी. ते बेडकांची पिल्लंही खातात. पुढच्या पावसाळ्यात ती शोधावी लागतात.

तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, पण माझ्याच पोस्टमध्ये एक मोठी गाळलेली जागा होती, ती माणसांची. हा दगड फोडला कोणी? पुण्याभोवतीच्या खाणींत घण आणि पहार चालवली ती मुख्यतः वडार समाजाने. रस्त्याकडेला पाटे-वरवंटे घडवणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं होतं, चांगला दगड ओळखायचा कसा. त्यांनी छिन्नी उलटी करून दोन दगडांवर ठोकली. एक खणकन वाजला, दुसरा बद्द. "ह्याच्या पोटात फट हाय," म्हणाले आणि बद्द वाजलेला बाजूला ढकलला. पाट्याला टाकी लावून घेताना मी तासभर तिथे बसले, आणि लेखात त्यांच्यावर एक ओळ नाही. ही चूक तुम्ही पकडायला हवी होती.

शनिवारवाड्याचा दगड चिंचवडच्या खाणींतला असं सांगतात. माझ्या बिल्डिंगच्या स्लॅबची खडी कुठल्या टेकडीची, ते बिल्डरलाही सांगता येणार नाही. खडी ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फ्लॅट आपण चौरस फुटांत घेतो, टेकडी ब्रासने जाते. तेव्हा खाणीला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

मला विचाराल तर कड्याला कंबरभर उंचीचा भक्कम कठडा, खोली लिहिलेली मराठी-हिंदी पाटी, एक दोर, बुडणाऱ्याला फेकायला एक हवेची ट्यूब. डंपरची वाट खणून बंद. झाडं नकोत, माती नको, रंगीत कारंजं तर नकोच नको.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंत, लहानपणी सुरुंग उडाला की घराच्या काचा थरथरायच्या आणि आई दुधाचं पातेलं धरून उभी राहायची. माझ्या अख्ख्या लेखात इतकं चांगलं वाक्य नाही. सुरुंग रोज ठरलेल्या वेळी उडायचा का? आधी भोंगा व्हायचा की कोणी ओरडत यायचं? दगड ट्रकने खाली उतरायचा की गाढवांवरून? सविस्तर लिहा ना, हवं तर रागावूनच लिहा.