चार दिवसांत भूक मेली, तर ते नुसतं चूर्ण नव्हे

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, छातीत नुसतं धडधडतंय. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही लागला."

ती सांगलीत विश्रामबागेत राहते, आम्ही मिरजेत. तशीच गाडी काढली. जाऊन नाडी मोजली तर मिनिटाला 118. ओठ सुकलेले, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. कुठली गोळी घेतलीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "गोळी कुठली? आयुर्वेदिकच आहे ते."

पुतणीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं. भिशीतल्या एका बाईंकडून तिनं वजन कमी करायचा डबा घेतला होता. 60 कॅप्सूल, 2,200 रुपये, बिल नाही. पहिल्या चार दिवसांत भूकच लागेना, आठ दिवसांत तीन किलो उतरलं, म्हणून ती खूश. मिरजेच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ईसीजी काढला आणि आधी तो डबा बंद करायला लावला. पाच-सहा दिवसांत झोप परत आली.

मी स्वतः डी.फार्म. आहे, अठरा वर्षं औषधाच्या दुकानात बसते. माझ्याच घरात हे झालं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

तो डबा मी घरी आणला. हिरवा रंग, पानांचं चित्र, सोनेरी गोलात "100% हर्बल, एफडीए अप्रूव्हड". अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न व औषध प्रशासन, असल्या सप्लिमेंटना विक्रीआधी मंजुरी देतच नाही, म्हणजे ती ओळच खोटी. बॅच नंबर डब्यावर छापलेला नव्हता, वरून स्टिकर होतं. नखानं खरवडलं तर खाली वेगळी तारीख. मागे फक्त "मार्केटेड बाय", कारखान्याचा पत्ता कुठंच नाही. घटकांत त्रिफळा, गुग्गुळ, गार्सिनिया. पण कुठलं किती, त्याचा आकडा नाही. एक कॅप्सूल ताटलीत उघडली. हिरवट भुकटी, तुरट वास आणि मध्येमध्ये पांढरे कण. आता पांढरं दिसलं म्हणजे भेसळच असं नाही, मक्याचा स्टार्चही घालतात. आपण हळदीच्या गावची माणसं, यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघतात हे लहानपणापासून बघितलंय. कॅप्सूल मोडून मात्र काही कळत नाही, अठरा वर्षं औषधं हाताळणाऱ्या मलाही नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे. डबा बघाच, पण त्याहून जास्त आपलं शरीर बघा. त्रिफळ्यानं पोट साफ होईल, पण चार दिवसांत भूक मरत नाही. कुठल्याही "हर्बल" गोष्टीनं आठवड्यात भूक गेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, धडधड सुरू झाली, तर "काय गुणकारी आहे" असं म्हणू नका. आत काहीतरी औषध मिसळलंय अशी शंका घ्या आणि त्याच दिवशी थांबा.

असल्या मालात जगभर सगळ्यात जास्त वेळा जे सापडतं, त्याचं नाव सिबुट्रामिन. एकेकाळी हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं भूक मारायचं औषध होतं. त्यानं नाडी आणि बीपी वाढतं, हृदयाचा त्रास असलेल्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे दिसल्यावर 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून गेलं आणि 2011 मध्ये आपल्याकडे बंदी आली. बंदी आलेलं औषध लेबलवर कोण लिहील?

दुसरं फिनॉल्फ्थॅलीन. शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी होणारं तेच. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत असायचं, कर्करोगाच्या भीतीनं काढलं. एका ग्रुपवर "पावडर सोड्याच्या पाण्यात टाका, लाल झाली तर भेसळ" असा मेसेज फिरतोय. तो कृपा करून पुढं पाठवू नका. आत साधी हळद असली तरी लाल होणारच, हळदीला चुना लावून कुंकू होतं हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं.

आणि निव्वळ वनस्पती असली तरी ती कुठली, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेत तेजोकोते नावाच्या मेक्सिकन झाडाचं मूळ म्हणून वजन घटवायला जे विकलं जात होतं, त्यातली 10 उत्पादनं तपासली. 2023 मध्ये निष्कर्ष आला, 9 मध्ये पिवळी कण्हेर. म्हणजे आपली बिट्टी! जिच्या बियांनी आपण अंगणात खेळलो आणि "तोंडात घालू नको" म्हणून पाठीत धपाटे खाल्ले, ती. तिचं विष थेट हृदयावर जातं.

लेबलचं थोडक्यात सांगते. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, कारखान्याचं नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, घटक प्रमाणासह, हे सगळं छापलेलं हवं. 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असेल तर तो माल अन्न म्हणून विकायचा आहे, आजार बरा करायचा दावा त्याला करता येत नाही. तो नंबर सरकारच्या फॉस्कॉस साइटवर टाकून बघा, भलत्याच धंद्याच्या नावावर निघू शकतो. आणि लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानंच मनाई आहे. तरी चौकाचौकात फलक लागतात, याची मला मनापासून चीड येते.

"तुम्ही आयुर्वेदाच्या विरोधात आहात" असं कुणीतरी लिहिणारच. अजिबात नाही. माझ्या सासऱ्यांची नाडी वर्षानुवर्षं वैद्यच बघतात. पण ते वैद्य समोर बसवून विचारतात, पथ्य सांगतात, चिठ्ठीवर लिहून देतात. भिशीत साडीच्या पिशवीतून मिळणारा डबा म्हणजे आयुर्वेद नव्हे. असल्या मालानं नाव त्या वैद्यांचंच खराब होतं.

त्या भिशीवाल्या बाईंवर माझा राग नाही, त्या स्वतःच तो घेत होत्या. त्यांचंही बीपी वाढलेलं निघालं. डबा फेकू नका असं मी दोघींना सांगितलं. उरलेल्या कॅप्सूल, डबा आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिलीय.

तुमच्या घरात असा डबा असेल, तर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून मला मेसेजमध्ये पाठवा, लेबल मी वाचून देईन. बीपी, शुगर किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर माझ्या उत्तराची वाट न बघता आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा. आणि धडधड होत असेल तर मेसेजही नको, सरळ दवाखाना गाठा.