क्षयरोगाची गोळी दहा दिवसांतून एकदाच घ्यावी लागली तर

क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिने चालतो आणि गोळ्या रोज घ्याव्या लागतात. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातून निघून कित्येक दिवस समुद्रावर राहणाऱ्या खलाशाकडून हा नेम पाळला जाणे किती कठीण आहे, हे आपल्या आशाताईंना विचारावे. त्या गोळ्या घेऊन बंदरावर येतात, तेव्हा नौका बाहेर गेलेली असते. शिवाय महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबून अंगात ताकद आली, की अनेक रुग्ण स्वतःहूनच औषध सोडतात. अशा अर्धवट उपचारांतूनच औषधांना दाद न देणारा क्षयरोग बळावतो.

चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील संशोधकांनी रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधे विघटनशील पॉलिमरच्या, म्हणजे शरीरात हळूहळू तुटत जाणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, अतिसूक्ष्म नॅनोकणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, दर दहाव्या दिवशी एक अशा पाच मात्रांत उंदरांच्या अवयवांतील जंतू नाहीसे झाले. साध्या औषधांना त्यासाठी रोज एक अशा 46 मात्रा लागल्या. हा पॉलिमर लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा बनलेला असतो. शरीरातील पाण्याने त्याचे बंध हळूहळू तुटतात, तसतसे औषध बाहेर पडते, आणि उरलेली आम्ले शरीर नेहमीच्या चयापचयात वापरून टाकते. क्षयाचे जंतू ज्या भक्षक पेशींत दडून बसतात, त्याच पेशी असे कण गिळतात, हा मला या पद्धतीचा सर्वांत मोलाचा गुण वाटतो.

तरीही सरकारी दवाखान्यात आजही रोजच्याच गोळ्या मिळतात. याच जातीच्या पॉलिमरच्या, आकाराने मोठ्या कणांतले ल्युप्रोलाइड हे प्रोस्टेटच्या कर्करोगावरचे महिन्यातून एकदा टोचायचे औषध अमेरिकेत 1989 मध्येच मान्य झाले होते. म्हणजे पॉलिमर माणसाला चालतो. मोठ्या प्रमाणावर एकसारखे कण बनवणे अवघड आहे, हे खरे. पण गरिबांच्या आजारात नफा कमी असल्यामुळे त्या अडचणीवर पैसा खर्च करायला कोणी पुढे येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच माणसांवरील चाचण्या सरकारी खर्चाने व्हाव्यात, आणि त्या अत्यंत जपून व्हाव्यात. ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात. आज कावीळ दिसली तर डॉक्टर गोळ्या त्याच दिवशी थांबवतात. दहा दिवसांचे औषध एकदा शरीरात गेले, की ते परत काढता येत नाही.