येवून नाही हो, येऊन!

भाचीच्या लग्नाची पत्रिका छापून आली आणि माझं डोकं फिरलं. साडेतीनशे पत्रिका, जाड कागद, वर सोनेरी गणपती आणि मधोमध ‘आपण सहकुटुंब येवून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’. येवून! मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, त्यात स्वच्छ ‘येऊन’ होतं. प्रूफ तपासलं तेव्हाही ‘येऊन’च होतं. डीटीपीवाल्याला फोन केला तर म्हणतो, “ताई, ते तुमचं चुकलं होतं, मी शेवटी नीट केलं.”

नीट केलं! आणि चूक त्याचीच आहे हे पटवून दिल्यावर पुढचं वाक्य ठरलेलं. “जाऊ द्या ना ताई, लोकांना कळतंय ना?”

याच माणसाने याच पत्रिकेच्या इंग्रजी बाजूसाठी मला दोनदा फोन केला होता. ‘सॉलेम्नाइज्ड’मध्ये झेड घालू की एस? तिथे दोन्ही चालतात, काहीही घातलं असतं तरी बिघडलं नसतं. पण तिथे त्याला धास्ती वाटली. इंग्रजीत चुकलं तर अब्रू जाते आणि मराठीत चुकलं तर ‘कळतंय ना’. संताप याचा येतो. आमच्या ऑफिसातही तेच. ‘रिसीव्ह’मध्ये ई आधी की आय, ‘ऑकर्ड’मध्ये आर एक की दोन, ‘लूज’मध्ये ओ किती, म्हणून मेल तीन-तीनदा वाचून मग पाठवणारी माणसं आहेत. तीच माणसं ग्रुपवर ‘फाईल पाठऊन दिली’, ‘जेऊन येतो’, ‘सांगुन ठेवा’ असं बेधडक लिहितात. कोणाला लाज नाही, खंत नाही.

अवघड असतं तर समजून घेतलं असतं. इंग्रजी स्पेलिंग पाठच करावं लागतं, कारण उच्चारावरून त्याचा भरवसा नसतो. आपल्या क्रियापदांचं तसं नाही. समोरच्याला आज्ञा करून बघा. तू ये, तू जा, तू घे, तू दे, तू खा. यात कुठे ‘व’ आहे? नाही ना? मग येऊन, जाऊन, घेऊन, देऊन, खाऊन. आता तू ठेव, तू जेव, तू लाव, तू धाव, तू पाठव. यात ‘व’ आहे. मग ठेवून, जेवून, लावून, धावून, पाठवून. मुळात ‘व’ असेल तर तो राहतो, नसेल तर बाहेरून आणून घुसवायचा नाही. एवढंच! ‘ये’ आणि ‘ऊन’ सलग म्हणताना मध्ये ‘व’सारखं काहीतरी ऐकू येतं, कान फसतो, हे मान्य. म्हणून तर कानाचं न ऐकता धातू बघायचा. आणि हा ‘ऊन’ कायम दीर्घ. करून, म्हणून, बसून, सांगून. ‘नये’च्या आधीचाही दीर्घच. टाकू नये, बसू नये, थुंकू नये.

बरं, डोळ्यांना सवय नाही असंही म्हणता येत नाही. मुलांसाठी आणलेला खाऊ कोणी ‘खावू’ लिहीत नाही. पाऊस कधी ‘पावूस’ होत नाही, भाऊ कधी ‘भावू’ होत नाही. मग ‘आज बाहेरच खावू’ हे येतं कुठून?

आमच्या सोसायटीत शिरल्यापासून दारापर्यंत पोचेस्तोवर माझं रक्त उकळतं. ‘गेटसमोर गाडी लाऊ नये.’ ‘फुले तोडु नये.’ (आणि नये नाही, नयेत! फुलं एकापेक्षा जास्त आहेत.) लिफ्टमध्ये ‘पान खावून थुंकु नये’. चार शब्द, दोन चुका, आणि या पाट्या पैसे मोजून रंगवून घेतलेल्या आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर आमच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. ‘मराठीला अभिजात दर्जा मिळवुन दिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मिळवुन! ज्या भाषेचं कौतुक करताय, तिचं एक क्रियापद त्या फ्लेक्सवर धड लिहिता आलं नाही तुम्हाला?

यावर लगेच कोणीतरी म्हणतं की शुद्धलेखन हा ठरावीक लोकांचा माज आहे. ऐका, मी कोणाच्या बोलण्याला हात लावत नाहीये. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, जी बोली घरात आहे ती बोला, ती अशुद्ध नसते, कधीच नव्हती. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत गेलंय, त्याच्या चिठ्ठीतली चूक काढणारा माणूस मला आवडत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नव्हते, हेही मला ठाऊक आहे. पण जो छापतो, पाटी रंगवतो, टीव्हीवर बातमीची पट्टी चालवतो, तो लिहिण्याचे पैसे घेतो. त्याला सूट कशाला? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम काही काल आलेले नाहीत. १९६२ साली १४ झाले, १९७२ साली आणखी ४, असे सगळे मिळून १८. अठरा! एका संध्याकाळी चहा पिता पिता वाचून होतात.

आणि मग फोन. रोमन अक्षरांत टाइप केलं की माझा फोन पहिल्यांदा ‘करुन’ पुढे करतो. इंग्रजी शब्द चुकला की लाल रेघ ओढतो, ‘येवून’ मात्र मुकाट्याने जाऊ देतो. सगळ्यांनी चुकीचं लिहायचं, फोनने तेच शिकायचं आणि परत आपल्यालाच सुचवायचं.

हे सगळं मी एक वेळ गिळलं असतं. पण परवा माझ्या पाचवीतल्या मुलाने निबंधाची वही दाखवली. त्याने लिहिलं होतं, ‘आजीला घेऊन आम्ही बाजारात गेलो’. ‘ऊ’वर लाल पेनाने काट मारून वर ‘वू’ केलेला. खाली शेरा, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’, आणि शब्द पाच वेळा लिहून आणायला सांगितलेला. मुलगा रडवेला झाला होता. “आई, तूच म्हणालीस ना, तू घे, त्यात व नाही?”

त्याने पाच वेळा लिहिलं. घेवून, घेवून, घेवून, घेवून, घेवून. बाईंनी सांगितलंय म्हणून.

सोमवारी मी ती वही घेऊन शाळेत जाणार आहे.