वायरमन गेला तर बातमी, खांदा गेला तर नोंदच नाही

आपल्याकडे लाइनमनचा विषय निघतो तो दोनच वेळा, कोणी तारेला चिकटून गेला तेव्हा नाहीतर संप झाला तेव्हा. जानेवारी २०२३ मध्ये महावितरणच्या लोकांनी ७२ तासांचा संप पुकारला होता, भांडुप, ठाणे, नवी मुंबईकडे खाजगी कंपनीला समांतर परवाना, म्हणजे त्याच भागात वीज वाटायचा दुसरा परवाना, देऊ नका म्हणून, आणि सरकारशी बोलणी झाल्यावर पहिल्याच दिवशी तो मागे घेतला. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो वाद अजून चालू आहे. बोर्डातून रिटायर झालेले काका म्हणतात खाजगीवाले आले की सगळं संपलं, पुण्यातली भाचेमंडळी म्हणतात येऊ द्या, निदान लाइट तरी जाणार नाही. मी इकडे मिलवॉकीत बसून दोन्ही बाजू वाचतो आणि दरवेळी वाटतं की अरे, खांबावर चढणाऱ्या माणसाच्या शरीराचं काय होतं ते कोण मोजतंय, हे कोणीच का विचारत नाही? मालक सरकार असो की शेठ, हा प्रश्न माझ्या मते आधीचा आहे.

हे सुचायचं कारण मी राहतो ते शहरच आहे. इथली वीज कंपनी वी एनर्जीज, इथली मार्क्वेट युनिव्हर्सिटी आणि कॅलिफोर्नियातली एप्री ही वीज कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारी संशोधन संस्था, यांनी २००० च्या आसपास लाइनमनच्या कामावर अभ्यास केला. शॉकवर नाही, खांदे, मनगटं, पाठ यांच्यावर. तारेवर जोडणीचा धातूचा कनेक्टर दाबून घट्ट बसवायला, म्हणजे क्रिंप करायला, लांब दांड्यांचं हाताने दाबायचं टूल असतं, त्याच्या दांड्यांवर किती जोर लागतो हे त्यांनी लॅबमध्ये चक्क मोजलं, आणि निघालं असं की तो जोर बहुतेक माणसांच्या ताकदीबाहेरचा आहे. म्हणजे लाइनमन रोज वर्षानुवर्षं जे करत होते ते शरीराला झेपणारं नव्हतंच, ते फक्त करत होते. मग बॅटरीवर चालणारी टूल्स तपासली, त्यात स्नायूंवरचा ताण किती कमी होतो ते दाखवलं, आणि कंपनीला हिशेबही मांडून दिला की टूल महाग असलं तरी खांद्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अभ्यासाच्या टीममध्ये स्वतः लाइनमन होते, कुठलं काम जड जातं हे त्यांनी सांगितलं.

एप्रीने सदस्य कंपन्यांकडून इजांची माहितीही एकत्र जमा केली, १९९५ पासूनची. त्यातून दिसलं की सगळ्यात जास्त प्रमाण मुरगळणं, लचकणं, स्नायू ताणणं यांचं आहे. जास्त इजा होणाऱ्यांत लाइनमन तर आहेतच पण मीटर रीडरही वर आहेत, घरोघर फिरायचं, पडायचं, कुत्री चावायची. आपल्याकडे स्मार्ट मीटरवर एवढं भांडण झालं, बिल वाढेल का, नोकऱ्या जातील का, आणि ते प्रश्न खरेच आहेत, पण रीडिंग घेणाऱ्या पोरांना आजवर काय काय झालं याचा कागद कोणी पुढे ठेवलेला मी तरी पाहिला नाही.

आता इकडे सगळं छान आहे असं म्हणून मला कोणाला हिणवायचं नाही. अमेरिकेतही लाइनमनचं काम दरवर्षी सगळ्यात जीवघेण्या कामांच्या यादीत असतं. एप्रीचा डेटा मुख्यतः कंपन्यांच्या स्वतःच्या पगारी माणसांचा आहे आणि वादळानंतर लाइन उभी करायला धावतात त्यात कंत्राटी लोक खूप असतात. विस्कॉन्सिनमध्ये तर नगरपालिकेच्या वीज खात्यातला माणूस ओशा या केंद्राच्या सेफ्टी खात्याच्या कायद्याखाली येतच नाही, त्याच्यासाठी राज्याचं वेगळं खातं. आणि पैसा कंपन्यांचा असला की संशोधनावर शंका घ्यायलाच पाहिजे. पण हेही सांगितलं पाहिजे की विजेच्या चुंबकीय क्षेत्राने कॅन्सर होतो का यावर पाच कंपन्यांच्या १ लाख ३८ हजारांहून जास्त कामगारांचा जो अभ्यास १९९५ मध्ये आला, तो एप्रीच्या पैशातून झाला होता, त्यात रक्ताच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही पण मेंदूच्या कॅन्सरशी थोडा दिसला, आणि तो तसाच्या तसा मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडा-फ्रान्सच्या अभ्यासात रक्ताच्या काही कॅन्सरशी संबंध दिसला होता. म्हणजे उत्तर पक्कं मिळालं नाही, पण आकडे उघड्यावर आले, दुसऱ्यांना तपासता आले.

आपल्याकडे कायदा नाही असं अजिबात नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेमुळे माणूस किंवा जनावर मेलं, जखमी झालं तर कळवायचं असतं, विद्युत निरीक्षक चौकशी करतो. एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे-नोंद खात्याच्या आकड्यांत देशात वर्षाला दहा हजारांच्या वर माणसं शॉकने जातात. पण त्या आकड्यात शेतात मोटर चालू करणारा शेतकरी किती, पत्र्याला हात लागलेली बाई किती आणि डीपीवर चढलेला कंत्राटी पोरगा किती, हे वेगळं काढता येत नाही. खांदा, कंबर, उन्हाची भोवळ हे तर कलमातच बसत नाही. याउलट लाइट किती वेळा आणि किती वेळ गेली हे मात्र सैफी (किती वेळा) आणि सैडी (किती वेळ) या मोजमापांत कंपन्या वीज आयोगाला नियमित देतात, तिथे मोजणी बरोब्बर जमते.

माझा मावसभाऊ यवतमाळकडे कंत्राटावर लाइनमन आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही त्याचा. मी विचारलं कुठे लिहून ठेवलंय का हे, तर म्हणाला, "दादा, पोलवर चढाले माणूस पाह्यजे, खांदा कोन विचारते." हे ऐकून मला जो राग येतो तो अजून उतरलेला नाही.

आणि इथलं संशोधन नुसतं उचलून आपल्याकडे चालणार नाही. इथे बरेच खांब लाकडी आणि काम बकेट ट्रकमधून, आपल्याकडे लोखंडी नाहीतर सिमेंटचे खांब आणि शिडी नाहीतर झुला. लोखंडी खांबावर उभा माणूस म्हणजे जमिनीलाच जोडलेला, परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याची लेखी परवानगी, घेऊनही कोणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा आला की संपलं, म्हणून तारेतला उरलेला करंट जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग. रबरी हातमोजे घालून मे महिन्यात चंद्रपूरला ४५ डिग्रीत माणूस किती वेळ शुद्धीत काम करू शकतो हे मिलवॉकीत कोणी सांगणार नाही. त्यासाठी अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, नागपूरला व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. महावितरणचं एक सर्कल, म्हणजे एक विभागीय मंडळ, घ्या, कायम आणि कंत्राटी दोन्ही लोक घ्या, एक उन्हाळा आणि एक पावसाळा मोजा, एवढ्याने सुरुवात होते.

युनियनच्या मागण्यांत कायम नोकरी असते, पगार असतो, ते हवंच, त्याच्या शेजारी इजांची नोंदवही हीसुद्धा मागणी असावी असं मी काकांना सांगितलं. त्यांना पटलं. मावसभावाने मात्र लगेच विचारलं की नाव लिहिलं आन् ठेकेदारानं काढून टाकलं तर? ही भीती अगदी बरोबर आहे, इकडेही 'शून्य अपघात' झाले की बक्षीस या पद्धतीमुळे लोक इजा लपवायचे, म्हणून २०१६ ला ओशाने नियम कडक केला की इजा कळवली म्हणून कोणाला शिक्षा करता येणार नाही. आपल्याकडे ती वही ठेकेदाराच्या हातात नकोच, विद्युत निरीक्षकाकडे हवी, कामगाराला फोनवरून थेट नोंदवता यावी, नाव गुप्त राहावं आणि दरवर्षी सर्कलप्रमाणे आकडे जाहीर व्हावेत. काका युनियनच्या लोकांना हे पत्र लिहितायत, मसुदा मी करतोय, आणि खांबावरची कुठली कामं सगळ्यात जड जातात त्याची यादी मावसभाऊ त्याच्या सोबतच्या पोरांना विचारून पाठवणार आहे.