आधी खालनं काप

सकाळी दूध आणायला खाली उतरले तर गल्लीच्या तोंडाचा करंज अर्धाच उरलेला. वायरीकडची बाजू सपाट. बुंध्यावरची साल वरून खाली दोन हात सोलून निघालेली, आतलं पांढरं लाकूड ओलं, आणि मुंग्या केव्हाच पोचलेल्या. ट्रॉलीवाल्यांना विचारलं तर म्हणे, "ताई, ट्रिमिंग हाय. पावसाळ्याच्या आधी करावंच लागतंय."

ट्रिमिंग! याला?

मी चौथीत असेन. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी बांधावरच्या चिंचेची एक फांदी उसावर सावली धरायची. आबांनी ती काढायला घेतली. करवत घेतली आणि आधी फांदीच्या पोटाला, खालून, चार बोटं काप दिला. मला वाटलं, आबा चुकले. तर म्हणाले, "आधी खालनं. न्हाईतर फांदी आपल्याच वजनानं मोडती आन् साल सोलत न्हेती." मग जरा पुढं सरकून वरून कापलं. उरलेला खुंट शेवटी काढला, तोही फांदी बुंध्याला मिळते तिथली फुगीर गादी सोडून. "झाड जखम झाकतंय ते हितनं."

एक जादाचा काप. दोन मिनिटं लागतात हो!

वायरी आहेत, मान्य. वळवात फांदी पडून रिक्षा चेपते, तेही मान्य. पण आपण उसाची माणसं, काप म्हणजे काय हे कोल्हापूरकराला शिकवायचं? खोडवा ठेवताना, म्हणजे तोडलेल्या उसातनंच पुढचं पीक घेताना, बुडखे जमिनीलगत छाटतो ते जमिनीखालचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून. पलीकडं तासगावात द्राक्षवाला वर्षातून दोनदा, एप्रिलला आणि ऑक्टोबरला, वेल कापतो. तोही काडीवरचे डोळे मोजून. उद्या त्याच वेलीपुढं त्याला परत उभं राहायचं असतं. ट्रॉली मात्र दुपारी पुढच्या गल्लीत.

आणि "निसर्गाला हातच लावू नका"वाले, आत्ता कमेंटमध्ये याल, जरा थांबा. शेवग्याच्या शेंगा खाता ना? तो छाटला नाही तर नुसता उंच जातो आणि शेंगा आभाळात लागतात. माझं भांडण कापण्याशी नाहीच.

१९७५ चा झाडांचा कायदा आहे आपल्याकडं. त्यात झाड "तोडणं" म्हणजे नुसतं आडवं करणं नव्हे, इजा करणंही त्यातच येतं. असो. कायदा वाचून कोण ट्रॉलीवर चढतंय.

पंधरा दिवसांत त्या खुंटांवर फुटव्यांची झुंबड उठेल. लोक म्हणतील, बघा, कसं हिरवंगार झालं! ते फुटवे वरवर चिकटलेले असतात. पुढं जाडजूड झाले की वाऱ्यात पहिले तेच निखळतात. मग परत ट्रॉली.

आता एक सांगते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. दोन वर्षांपूर्वी याच करंजाची फुलं नव्या गाडीवर लाह्यांसारखी पडून चिकटली होती. तेव्हा सेक्रेटरी काकांना फोन कुणी केला? मी. "जरा छाटून घ्या की." तेव्हा कुणी आलं नाही, एवढंच माझं नशीब. कुठून छाटायचं, किती, मी तरी कुठं सांगितलं होतं? आबांची नात म्हणे.

दिवाळीत गावी गेले होते, तेव्हा ती चिंच बघितली. कापाच्या जागी गोल वळ आलाय, चारी बाजूंनी साल आत सरकलीय आणि मधोमध शर्टाच्या बटणाएवढी खाच राहिलीय. करंगळीचं टोक जेमतेम जातं. आबांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मघाशी परत खाली गेले. करंजाची सालीची पट्टी लोंबतच होती. ओढली असती तर आणखी सोलली असती, म्हणून जिथवर ती बुंध्याला धरून होती तिथं चाकूनं कापली, फाटक्या कडा गुळगुळीत केल्या. वॉचमन मामा खुर्ची सोडून बघायला आले.

"ताई, भाजीचा चाकू हाय न्हवं ह्यो?"

भाजीचाच आहे. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.