‘फक्त नंबर बघा आणि लॅपटॉप घ्या’ म्हणे! त्या फॉरवर्डला माझं उत्तर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाची यादी आणि सेलचे मेसेज. यंदा तिसरा आला, गेमिंग लॅपटॉपवाला. टाकला भाच्याने, तो गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, आणि खाली लिहिलं, ‘मामा, वाच आणि पप्पांना सांग.’ म्हणजे विषय पैशाचा. तुमच्याकडेही आला असणार, मला एकट्याला तो तीन जणांनी पाठवला. त्यातली पाच कलमं थोडक्यात अशी:

१. ग्राफिक्स कार्डाचा नंबर जेवढा मोठा तेवढा गेम फास्ट, बाकी काही बघू नका.
२. ४०७० म्हणजे ४०७०, डेस्कटॉपात असो की लॅपटॉपात.
३. ८ जीबी व्हीरॅम घेतली की पाच वर्षं बिनघोर.
४. ५० सिरीजमध्ये एआयने फ्रेम चौपट होतात, त्यामुळे ३० सिरीजवाले लॅपटॉप आता भंगार.
५. आत्ता जमत नसेल तर साधं कार्ड घ्या, नंतर बदलता येतं.

आधी शब्द सांगून टाकतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेमचं चित्र काढणारी चिप, ४०७० वगैरे हे एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांचे नंबर, ५० सिरीज म्हणजे ५० ने सुरू होणारे नंबर, व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आणि फ्रेम म्हणजे एकामागून एक निघणारी चित्रं, सेकंदाला जेवढी जास्त तेवढा गेम गुळगुळीत. मी काही दुकानदार नाही, पण घरचेदारचे लॅपटॉप उघडून बसायची खोड जुनी आहे, म्हणून लिहितो.

पहिलं कलम. नंबरात पहिले दोन आकडे पिढीचे आणि शेवटचे दोन त्या पिढीतल्या पायरीचे, एवढं कळलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. आरटीएक्स २०५० घ्या (आरटीएक्स, जीटीएक्स ही एनव्हिडियाच्या कार्डांची घराणी), २०२१ च्या डिसेंबरात जाहीर झालं, ४ जीबी मेमरी आणि ती पण ६४ बिटच्या चिंचोळ्या वाटेवर. त्याच्या आधीचं, २०१९ चं जीटीएक्स १६६० टीआय, ६ जीबी आणि १९२ बिट. नंबराने बघाल तर २०५० मोठं, साध्या गेममध्ये लावून बघाल तर १६६० टीआय पुढे. आता नंबराला काहीच किंमत नाही असंही मी म्हणत नाही हां, कारण १६६० टीआयमध्ये रे ट्रेसिंगचं, म्हणजे खऱ्यासारखा उजेड-सावल्या काढायचं, हार्डवेअरच नाही, आणि २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा गेम त्या हार्डवेअरशिवाय चालतच नाही. म्हणजे नवीन पिढीचे फायदे आहेत, पण ते ‘नंबर मोठा म्हणून फास्ट’ असे सरळसोट नाहीत.

अजून एक उदाहरण आहे. लॅपटॉपातलं ४०७० आणि लॅपटॉपातलं ५०७०, दोघांत ४६०८ कुडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) आणि दोघांत ८ जीबी. ५०७० ची मेमरी नवीन जातीची आहे, जास्त वेगाची आहे, मान्य, पण ज्याच्याकडे आधीच ४०७० आहे त्याने नुसता एक हजाराने वाढलेला आकडा बघून खिसा मोकळा करायचा म्हणजे काय?

आणि नंबरापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वॅट, जी त्या मेसेजमध्ये औषधालाही नाही. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड किती वीज खाऊ शकेल हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, त्याला टीजीपी म्हणतात. ४०६० असो की ४०७०, एनव्हिडियाने दोघांना ३५ ते ११५ वॅटची मोकळीक दिलीय, वर थोडा बूस्ट, म्हणजे जादा वीज. म्हणजे एकाच नावाचं कार्ड एका लॅपटॉपात कडेवर घेतलेल्या पोरासारखं निवांत आणि दुसऱ्यात जत्रेतल्या बैलासारखं घाम गाळत असतं. आपण मानकुराद आंबे घेताना नुसता ‘मानकुराद’ शब्द ऐकून डझनाचे पैसे देतो का, कुठला, कधी काढलेला, हातात घेऊन वास बघतो ना?

भाच्याला हे तोंडी पटेना, म्हणून एका रविवारी ताईकडे जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडले. एक त्याच्या डिचोलीच्या मित्राचा, ४०७०वाला, पातळ, देखणा, चार्जर खिशात मावेल एवढा. दुसरा माझ्या ऑफिसातल्या मुलाचा, ४०६०वाला, जाडजूड, आणि चार्जर म्हणजे अक्षरशः चिऱ्याचा तुकडा. दोन्हीवर सायबरपंक हा गेम, तेच सेटिंग, तेच रिझोल्यूशन, कोपऱ्यात वॅट आणि फ्रेम दाखवणारं आफ्टरबर्नर चालू. पहिली दोन मिनिटं पातळवाला पुढे होता आणि भाचा माझ्याकडे बघून हसत होता. मग पंखे चढले, स्वयंपाकघरातून ताई ओरडली, ‘मिक्सर कोणी चालू ठेवलाय रे?’, आणि पातळवाल्याचा वॅटचा आकडा घसरत घसरत ६० च्या आसपास येऊन बसला तो बसलाच. जाडा मात्र शंभराजवळ टिकून. दहा मिनिटांनी ४०६० दहाबारा फ्रेमनी पुढे. भाच्याने दोन्हीची झाकणं मिटून परत उघडली, परत चालवलं, परत तेच. मग मित्राची बाजू घेऊन म्हणाला, ‘पण हा दिसतो भारी.’ ते खरंच आहे, आणि कॉलेजला रोज बसने न्यायचा असेल तर वजन पण कमी, फक्त पैसे कशाचे दिले ते माहीत पाहिजे.

म्हणून १४० वॅट लिहिलेलाच शोधत बसा असंही नाही. या दोन कार्डांना शंभरच्या पुढे वीज देऊन फारसा फरक पडत नाही, चिप तेवढी ओढतच नाही. पण ६० आणि १०० मध्ये पडतो, चांगला पडतो. दोघांना पूर्ण वीज मिळाली तर ४०७० साधारण पंधरा-वीस टक्के पुढे राहतं, ते पण सगळीकडे नाही, कारण मेमरी दोघांची सारखीच, ८ जीबी, १२८ बिट.

आपल्याकडे त्यात हवेची भर. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत, दारं-खिडक्या उघड्या, पंखा नुसती गरम हवा फिरवतोय, अशात पातळ लॅपटॉप काय थंड राहणार. यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले थंडगार स्टुडिओत बसून आकडे काढतात, ते आकडे आपल्या ओसरीवर येणार नाहीत.

दुसरं कलम तर पटकन निकालात निघतं. डेस्कटॉपचं ४०७०: ५८८८ कोअर, १२ जीबी, १९२ बिट, २०० वॅट. लॅपटॉपचं वर आलंच. आतली चिपच वेगळी आहे, नाव तेवढं एक. ४०९० मध्ये तर अजून गंमत, डेस्कटॉपला १६३८४ कोअर आणि २४ जीबी, लॅपटॉपला ९७२८ आणि १६ जीबी. पण हा समज लोकांनी हवेतून काढलेला नाही, हे पण सांगायला हवं. २०१६ ला जीटीएक्स १० सिरीज आली तेव्हा लॅपटॉपची कार्डं खरोखरच डेस्कटॉपच्या जवळ होती, लॅपटॉपच्या १०७० ला तर डेस्कटॉपपेक्षा कोअर जास्त होते. मग २०१७ ला कमी विजेची मॅक्स-क्यू आवृत्ती आली, ती निदान नावात लिहिलेली असायची. २०२१ पासून तेही नावातून गेलं आणि वॅट शोधायचं काम आपल्या गळ्यात पडलं. तेव्हाचा १०७० वाला लॅपटॉप वापरलेला माणूस आज कलम दोन ठामपणे सांगत असेल तर त्याला मी हसणार नाही.

तिसरं, ८ जीबी. व्हीरॅम भरली की गेम लगेच बंद पडत नाही, उरलेला माल लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये जाऊन पडतो आणि तिथून आणायची वाट फार हळू, म्हणून सरळ चालत असताना मध्येच गचका बसतो, भिंतींचं टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावरचं बारीक चित्र, चिखलासारखं दिसतं. डूमचा २०२५ चा गेम किमान गरजेतच ८ जीबी मागतो. म्हणजे आज जी किमान आहे ती पाच वर्षांनी बिनघोर कशी काय? टेक्स्चर हाय वरून मीडियम केलं की ८ जीबीवर काम भागतं, १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर फरक शोधावा लागतो, पण मेसेजवाल्याने ‘भागतं’ असं लिहायचं होतं. १२ जीबी हवी असेल तर लॅपटॉपात ४०८० किंवा ५०७० टीआयपर्यंत चढावं लागतं, आणि तिथे किंमत ऐकून भावोजी जेवणावरून उठतील.

आता चौथं, ज्यावर सगळे भाळलेत. २०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी स्टेजवरून सांगितलं की ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये ४०९० चा परफॉर्मन्स मिळेल. तिथून ही ‘चौपट’ची लाट. त्यात मेख अशी की कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि मधल्या तीन एआय भरून देतं. स्क्रीनवर आकडा मोठा दिसतो, हालचाल गुळगुळीत दिसते, पण तुम्ही माऊस हलवलात तर त्याला उत्तर खऱ्या फ्रेमच देणार, उलट मधल्या फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम थांबवून धरावी लागते म्हणून थोडा उशीरच होतो. खऱ्या साठ येत असतील तर त्याच्या दोनशे करून बघायला मजा येते, मी नाही म्हणत नाही. खऱ्या वीस असतील तर त्याच्या ऐंशी करून पण हात चिखलात रुतल्यासारखाच वाटतो. शिवाय ही फ्रेम बनवायला व्हीरॅम पण खर्च होते, परत कलम तीन.

आणि ३० सिरीज भंगार हे तर साफ खोटं. डीएलएसएस म्हणजे एनव्हिडियाची एआयने फ्रेम वाढवायची सोय, तिचा जो भाग खरा कामाचा, कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करणारा, तो नव्या सुधारणेसकट २० सिरीजपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतो. फुकट. फक्त फ्रेम बनवायचा भाग तेवढा नवीन कार्डांना.

पाचवं कलम ज्याने लिहिलं त्याने लॅपटॉप कधी उघडलेला नाही. मोजके अपवाद सोडले तर कार्ड मदरबोर्डला डाक लावून बसवलेलं असतं, बदलायचं म्हणजे लॅपटॉपच बदलायचा. थंडरबोल्ट नावाच्या वेगवान पोर्टवरून बाहेरून कार्ड लावता येतं, पण तो डबा, वेगळा पॉवर सप्लाय आणि कार्ड मिळून एवढे पैसे जातात की त्यात साधा डेस्कटॉप येईल. लॅपटॉपात बदलता येतात त्या गोष्टी म्हणजे रॅम आणि एसएसडी, त्या पण सगळ्यात नाही.

आणि इथेच भाच्याची खरी गोष्ट. त्याच्याकडे ४ जीबीचं ३०५० आहे, तक्रार अशी की व्हॅलोरंट हा गेम अडकतो, म्हणून नवीन पाहिजे. टास्क मॅनेजर उघडला तर गेम अडकत असताना ग्राफिक्स कार्ड निम्मंही वापरात नाही आणि रॅम मात्र काठोकाठ, ८ जीबीची एकच पट्टी, बाजूचा खाचा रिकामा. खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या पुढच्या जाळीवर नमदा बसावा तशी धूळ, पावसाळ्यातल्या दमटपणाने पार थापून बसलेली. ब्रशने काढली, दुसरी ८ ची पट्टी टाकली, व्हॅलोरंट सुतासारखं सरळ. नवीन मोठे गेम मात्र ४ जीबीत गुदमरतात, तिथे त्याची तक्रार खरी आहे आणि ते मी भावोजींना पण सांगितलं. घ्यायचा तर घ्या, पण वॅट विचारून घ्या.

भाच्याने लगेच एका दुकानाला मेसेज केला, ‘यात ४०७० चा टीजीपी किती वॅटचा?’ उत्तर आलं, ‘फुल पॉवर सर.’ त्याने परत विचारलं, आकडा सांगा, नाहीतर लॅपटॉप चालू करून एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो पाठवा. अर्ध्या तासाने फोटो आला. लॅपटॉपच्या कोपऱ्यावरच्या स्टिकरचा.